इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर: 'किती दिवस' याचं उत्तर कधी देता येतं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वहिनींचं वय ४७. दीड महिन्यापूर्वी उजवा स्तन लाल झाला, सुजला, हाताला गरम लागायला लागला. गावातल्या डॉक्टरांनी लागण समजून गोळ्या दिल्या, मग गोळ्या बदलून पुन्हा दिल्या. सोनोग्राफीत गाठ दिसली नाही म्हणून घरच्यांना हायसं वाटलं. सूज हटेना तेव्हा मॅमोग्राफी झाली. त्यात त्वचा जाड झाली आहे एवढंच आलं, आणि शेवटी तुकड्याच्या तपासणीत (बायॉप्सीत) कॅन्सर निघाला. सर्जननी कागदावर 'इन्फ्लमेटरी' असं लिहिलं आणि आधी किमो, ऑपरेशन नंतर, असं सांगितलं. आता घरात दोन तट पडलेत. दादा म्हणतात, पसरायच्या आत आधी काढून टाका. तुम्ही विचारता, आमच्या हातून उशीर झाला का? आणि शेवटच्या ओळीत, जरा बिचकतच, वहिनींना किती दिवस आहेत? कारण दादांनी मोबाइलवर कुठलासा आकडा वाचलाय आणि तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

मी २६ वर्षं सोलापूर भागात स्तनाच्या शस्त्रक्रिया करते. हा आजार दुर्मीळ आहे. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या दर १०० कॅन्सरमध्ये एक ते पाच इतकेच या प्रकारचे असतात, आणि माझ्याकडेही वर्षभरात असे रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच येतात. तरी लक्षात राहतात ते हेच, कारण इथे आठवड्यांचा हिशेब असतो.

वहिनींना मी तपासलेलं नाही. तुम्ही लिहिलंय त्यात काखेत गाठ लागते का ते नाही, रिसेप्टरचा रिपोर्ट (कॅन्सरच्या पेशींवर हर्टू आणि दोन संप्रेरकांचे, म्हणजे हॉर्मोनचे, रिसेप्टर आहेत का हे सांगणारा) नाही, शरीरात इतरत्र काही आहे का याचं स्कॅन नाही, त्यांना बीपी-शुगर किंवा हृदयाचा काही त्रास आहे का तेही नाही. तेव्हा 'किती दिवस' याचं उत्तर आज मी देऊ शकत नाही, आणि तुमचे डॉक्टरही देऊ शकत नाहीत. हे टाळाटाळीचं बोलणं नाही. या आजारात ते उत्तर एका दिवशी मिळतच नाही, एकेक कागद येत जातो तसं ते उलगडतं. ते कागद कुठले ते सांगते, पण त्याआधी हा आजार नेमका काय आहे ते समजून घ्या. म्हणजे ऑपरेशन आधी का नाही हे दादांना तुम्हालाच सांगता येईल.

इन्फ्लमेटरी म्हणजे दाह झालेला. हे नाव १९२४ मध्ये ली आणि टॅनेनबॉम या अमेरिकी डॉक्टरांनी रूढ केलं. स्तन बघितला की जंतुसंसर्ग झाल्यासारखाच वाटतो, म्हणून ते नाव पडलं. प्रत्यक्षात आत ना जंतू असतात ना पू. आपल्या त्वचेत रक्तवाहिन्यांशिवाय लसिकेच्या केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. पेशींच्या आजूबाजूला झिरपलेलं पाणी त्या गोळा करून काखेकडे नेतात. या आजारात कॅन्सरच्या पेशींचे छोटे छोटे पुंजके नेमके त्या नळ्यांत जाऊन अडकतात. पाटात गाळ बसला की पाणी पुढे सरकत नाही, बांधावर चढतं आणि सगळं वावर चिबडतं, तसं होतं. त्वचेत पाणी साठतं, ती जाड होते, फुगते, लाल दिसते, गरम लागते. केसांच्या मुळांपाशी ती खाली बांधलेली असते, तिथे फुगत नाही, म्हणून बारीक बारीक खळगे पडतात. संत्र्याची साल म्हणतात ती हीच.

एवढं कळलं की सोनोग्राफीत गाठ का नव्हती तेही कळेल. नेहमीच्या कॅन्सरमध्ये पेशी एका जागी रचत जातात आणि खडा तयार होतो. इथे त्या विखरून, पसरून, नळ्यांच्या वाटेने जातात. बऱ्याच जणींत हाताला गाठ लागतच नाही आणि मॅमोग्राफीतही जाड झालेल्या त्वचेपलीकडे फारसं काही दिसत नाही. 'गाठ नाही म्हणजे कॅन्सर नाही' हे वाक्य आपल्याकडे बायकाच काय, डॉक्टरसुद्धा बोलून जातात. या आजारात त्वचा हीच गाठ समजायची.

बायका जे सांगतात ते पुस्तकातल्या यादीपेक्षा वेगळं असतं. एकीने मला सांगितलं होतं, "मॅडम, ब्लाउजची एकच बाजू उसवून घ्यावी लागली." तीन आठवड्यांत एका बाजूचं माप वाढलं होतं. दुसरी म्हणाली, रात्री ब्रा काढली तरी पट्टीचा वळ सकाळपर्यंत जात नाही. पाण्याने फुगलेल्या त्वचेवर बोट दाबलं की खड्डा राहतो, तोच हा प्रकार. बोंड आत ओढलं जातं किंवा एका बाजूला वळतं. जड वाटतं, ठणकतं, कधी नुसती खाज सुटते. ताप बहुधा नसतो. आपल्याकडच्या सावळ्या कांतीवर लाली लालच दिसेल असंही नाही. कधी तांबूस, कधी जांभळट, कधी नुसती काळपट छटा असते आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात ती चुकते. मी अशा बाईला खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बसवते आणि दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघते.

हा आजार ठरवण्याचे निकष साधे आहेत. हे सगळं सहा महिन्यांच्या आत, झपाट्याने झालेलं असावं, लाली स्तनाच्या किमान एक तृतीयांश भागावर असावी, आणि तुकड्याच्या तपासणीत पसरणारा कॅन्सर सिद्ध व्हावा. त्वचेच्या तुकड्यात ते अडकलेले पुंजके सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत सापडतात. सापडले तर निदान पक्कं होतं, पण सापडले नाहीत म्हणून निदान रद्द होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 'त्वचेच्या बायॉप्सीत काही आलं नाही' एवढं ऐकून घरी परतलेल्या दोघींना मी नंतर फार वाईट अवस्थेत पाहिलंय.

दादांना एक प्रश्न विचारा. वहिनींना आधी गाठ होती आणि मग त्वचा लाल झाली, की लाली थेटच आली? वर्षभर अंगावर काढलेली गाठ शेवटी त्वचेपर्यंत पोचते तेव्हाही स्तन लाल होतो. आपल्याकडे तसे रुग्ण खूप जास्त आहेत. तो आजारही गंभीरच, पण त्याची चाल वेगळी, त्याचे आकडे वेगळे. तुम्ही सांगता त्यावरून वहिनींचा आजार खरा इन्फ्लमेटरी वाटतो, तरी किमो देणाऱ्या डॉक्टरांना हा क्रम स्पष्ट सांगा.

आता उशिराबद्दल. स्तन लाल झाला आणि गरम लागला तर आधी लागण समजून एक कोर्स देणं यात काहीच चूक नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईत तर बहुतेक वेळा ती लागणच असते. शिवाय आपल्याकडे क्षयाची गाठ स्तनात होते, आणि बाळंतपणानंतर काही वर्षांनी तरुण बायकांना ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा एक दाह होतो, तो महिनोन्‌महिने चालतो आणि हुबेहूब असाच दिसतो. म्हणून डोळ्यांनी बघून कुणी छातीठोकपणे काही सांगू नये. चूक होते ती दुसऱ्या कोर्सला. सात ते दहा दिवसांत लाली स्पष्टपणे ओसरली नाही तर पुढची पायरी तुकडा काढून तपासणं ही आहे, गोळी बदलणं नव्हे. थोडं बरं वाटतंय हे तर सगळ्यांत फसवं, कारण औषधांनी ठणका कमी होतो आणि आत आजार वाढतच राहतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत ही चूक मी स्वतः केली. ३८ वर्षांची बाई, १४ महिन्यांचं मूल अजून अंगावर पीत होतं. मी लागण म्हणून तीन आठवडे औषधं दिली. प्रत्येक भेटीला मला वाटायचं, जरा कमी झालंय. तिसऱ्या भेटीला तिची सासू म्हणाली, "बाई, परवा हे इथवर नव्हतं," आणि तिने बोंडाच्या वर चार बोटांवर हात ठेवला. तिला आठवत होतं, मला नाही. दुसऱ्या दिवशी तुकडा काढला. त्या दिवसापासून लाल स्तन घेऊन आलेल्या प्रत्येक बाईच्या लालीची कड मी पेनाने आखते, शेजारी तारीख घालते, टेपने माप घेते आणि तिच्या परवानगीने फोटो काढून फाइलला लावते. आठवड्याने ती परत येते तेव्हा लाली रेघेच्या आत आहे की बाहेर, याचं उत्तर कुणाच्या आठवणीवर सोपवावं लागत नाही.

वहिनींचे सहा आठवडे गेले. कमी गेले असते तर बरं झालं असतं, हे खोटं सांगणार नाही. पण महाराष्ट्रात तीन-चार महिन्यांनी कळलेल्या बायका मी बघते, त्या मानाने तुम्ही लवकर पोचलात. घरात कुणावर दोष टाकू नका, गावातल्या डॉक्टरांवरही नाही. त्या रागात पुढचे दोन आठवडे जाऊ शकतात, आणि तेच आता महागात पडतील. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीतीही मनातून काढून टाका. पसरत नाही. त्याच तुकड्यावर पुढचं सगळं उभं आहे.

दादांचा आग्रह मला कळतो. घरात साप निघाला तर माणूस आधी तो बाहेर काढतो. पण या आजारात आधी ऑपरेशन केलं तर सुरी आजारातूनच फिरते. लाली जिथे संपलेली दिसते त्याच्या पुढेही त्वचेच्या नळ्यांत पेशी असतात. कड आजारी राहते, टाके आजारी त्वचेत पडतात आणि काही आठवड्यांत जखमेच्या रेषेवरच नव्या गाठी उगवतात. पूर्वी जगभर नुसतं ऑपरेशन करून बघितलं गेलं, तेव्हा पाच वर्षांनी १०० पैकी पाचजणीही उरत नसत. आधी किमो, मग ऑपरेशन, मग शेक (रेडिएशन), हा क्रम रूढ झाला तेव्हा चित्र बदललं. आधी किमो दिली की औषध त्वचेत, काखेत आणि अजून कुठल्याच स्कॅनला न दिसणाऱ्या पेशींपर्यंत एकाच वेळी पोचतं. आणि ते लागू पडतंय की नाही हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या डोसानंतर लाली फिकी होते, त्वचा मऊ पडते, वळ उठेनासे होतात. स्तन आधीच काढून टाकला असता तर ही खूण आपण गमावली असती.

किमो साधारण पाच-सहा महिने चालते. त्यात लाल रंगाचं एक औषध असतं, ते घेतल्यावर दिवसभर लघवी लालसर होते, तेव्हा घाबरू नका. ते हृदयावर थोडा ताण देतं, म्हणून आधी २डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. दुसरं टॅक्सेन गटातलं, ते बरेचदा दर आठवड्याला १२ वेळा देतात. हर्टू (HER2) रिसेप्टर पॉझिटिव्ह निघाला तर त्यासोबत ट्रॅस्टुझुमॅब आणि जमल्यास पर्टुझुमॅब ही इंजेक्शनं येतात आणि ती ऑपरेशननंतरही चालू राहून सगळं मिळून वर्ष होतं. ट्रॅस्टुझुमॅब आता भारतातही बनतं, त्यामुळे त्याची किंमत पूर्वीपेक्षा खूप खाली आली आहे. तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह असतील तर किमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब नावाच्या इम्युनोथेरपीचा फायदा दिसलेला आहे. खर्च मात्र बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि ते जमलं नाही म्हणून नेहमीच्या उपचाराचं मोल कमी होत नाही. संप्रेरकांचे रिसेप्टर पॉझिटिव्ह असले तर नंतर गोळ्या, त्याही अनेक वर्षं.

ऑपरेशनबद्दल आत्ताच बोलून ठेवते, कारण तोवर वहिनींचा स्तन बघायला जवळजवळ पहिल्यासारखा झालेला असू शकतो. नेमकी तेव्हाच मंडळी म्हणतात, आता सगळं बरं झालंय, काढायचा कशाला? बायका रडतात, नवरे हात जोडतात, आणि माझाही जीव तुटतो. तरी उत्तर बदलत नाही. इन्फ्लमेटरीमध्ये संपूर्ण स्तन, त्यावरची त्वचा आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढाव्याच लागतात. गाठीपुरतं ऑपरेशन इथे चालत नाही. त्वचा राखून आत नवा स्तन बसवणंही चालत नाही, आणि रंग सोडून एक-दोनच ग्रंथी काढायची पद्धतही चालत नाही, कारण नळ्या तुंबलेल्या असल्याने रंग योग्य ग्रंथीपर्यंत पोचेल याचा भरवसा नसतो. नवा स्तन बनवायचा असेल तर शेक संपून काही काळ गेल्यावर. दुसरा स्तन निरोगी असेल तर त्याच वेळी तो काढायची गरज नसते. आणि किमो पूर्ण होऊनही लाली हटलीच नाही, तर ऑपरेशनची घाई न करता औषध बदलावं लागतं. त्या टप्प्यावर सर्जन 'थांबा' म्हणाले तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.

मग शेक, ज्याला आपल्याकडे लाइट देणं असंही म्हणतात. छातीची भिंत, गळपट्टीच्या हाडावरचा भाग आणि बरगड्यांच्या आतल्या ग्रंथी, एवढं त्यात येतं. बऱ्याच ठिकाणी पाच ते सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. काही केंद्रांत वेळापत्रक वेगळं असतं. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर, शेतीची कामं किंवा लग्नसराई लागली म्हणून शेक सोडून दिलेल्या बायका माझ्याकडे छातीवर गाठी घेऊन परत आल्या आहेत. तिन्ही पायऱ्या पूर्ण करणं हे या आजारात कुठल्याही महागड्या औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

आता तो आकडा. दादांनी बहुधा अमेरिकेतली आकडेवारी वाचली असावी. तिथल्या नोंदींनुसार सगळ्या टप्प्यांतल्या रुग्णांना एकत्र धरलं तर पाच वर्षांनी १०० पैकी सुमारे ४० जणी हयात असतात. स्तन आणि जवळच्या ग्रंथींपुरता आजार असेल तर जवळपास निम्म्या, दूर पसरलेला असेल तर साधारण पाचातली एक. आकडे कठीण आहेत, ते मी लपवत नाही. निदान झाल्याबरोबर हा आजार किमान तिसऱ्या टप्प्यातला धरला जातो, रिपोर्टावर टी४डी असं दिसेल ते त्याचंच चिन्ह. पण पाच वर्षांचा आकडा काढायचा तर पाच वर्षांपूर्वी किंवा त्याआधी निदान झालेल्या बायकाच मोजाव्या लागतात. त्यातल्या कितीतरी जणींना आजची औषधं मिळालेली नव्हती. त्यात सत्तरीच्या आजीही येतात, अर्धवट उपचार घेतलेल्याही येतात. तो आकडा गर्दीचा आहे. त्या गर्दीत वहिनी कुठे उभ्या आहेत हे आत्ता कुणालाच दिसत नाही.

ते दिसायला लागेल चार कागदांतून. पहिला रिसेप्टरचा रिपोर्ट. या आजारात हर्टू पॉझिटिव्ह असण्याचं प्रमाण नेहमीच्या स्तनाच्या कॅन्सरपेक्षा जास्त असतं, तिघींत एक किंवा त्याहून थोडं अधिक. एकेकाळी तो रिपोर्ट वाचून आम्ही गप्प व्हायचो. आज हर्टूवरची इंजेक्शनं आल्यापासून या गटातल्या बायका उपचारांना फार चांगला प्रतिसाद देतात. तिन्ही निगेटिव्ह असणं हे सगळ्यांत अवघड. संप्रेरक पॉझिटिव्ह असेल तर चाल जरा मंद, पण किमोने पूर्ण विरघळण्याची शक्यता कमी, आणि अनेक वर्षांनीही डोकं वर काढू शकतो.

दुसरा कागद स्कॅनचा, पेट-सीटी किंवा छाती-पोटाचं सीटी आणि हाडांचं स्कॅन. निदानाच्या वेळीच जवळपास एक तृतीयांश बायकांमध्ये तो हाडं, यकृत, फुप्फुस अशा ठिकाणी पोचलेला असतो. तसं निघालं तर उपचारांचं उद्दिष्ट बदलतं. पूर्ण बरं करण्याऐवजी आवाक्यात ठेवणं, आणि ऑपरेशनचा विचार किमोचा परिणाम बघून. तरीही त्यात वर्षंच्या वर्षं काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, विशेषतः हर्टू पॉझिटिव्हमधल्या. तसं निघालं नाही तर दादांना सांगा, पूर्ण बरं होण्याची वाट उघडी आहे, आणि आपण त्यासाठीच उपचार करतोय.

तिसरा कागद म्हणजे किमोच्या मध्यावर डॉक्टरांनी तपासून फाइलमध्ये लिहिलेल्या दोन ओळी. लाली किती उरली, काखेतली गाठ लहान झाली का. त्या ओळी विचारून घ्या.

चौथा कागद सगळ्यांत मोलाचा, ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट. काढलेल्या स्तनात आणि काखेतल्या ग्रंथींत कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही, तर त्या बाईचं पुढचं आयुष्य त्या १०० जणींच्या सरासरीपेक्षा पुष्कळ आशादायक असतं. मी आजवर घरच्यांना जितकी समाधानाची वाक्यं बोलले त्यातली बरीचशी हा रिपोर्ट हातात धरून बोलले. पेशी सापडल्या तरी हातात उपाय असतात. हर्टू असेल तर इंजेक्शन बदलून टी-डीएम१ देतात, तिन्ही निगेटिव्ह असेल तर कॅपेसिटाबीनच्या गोळ्या देता येतात. आजार परतण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यांत जास्त असतो, म्हणून त्या काळात तपासणी चुकवू नका, आणि सततची डोकेदुखी, हाडात बसलेलं दुखणं, न थांबणारा खोकला यातलं काही आलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पूर्वी घरच्यांनी विचारलं की मी पहिल्याच भेटीत आकडा सांगून टाकायची. प्रामाणिकपणा म्हणजे तो, असं वाटायचं. नंतर दिसलं की आकडा ऐकून काही घरं उपचारच सोडतात, 'एवढ्यासाठी बाईचे हाल कशाला' म्हणून. ती १४ महिन्यांच्या बाळाची आई तेव्हाच्या औषधांवर चार वर्षं जगली. मुलाला बालवाडीत सोडायला ती स्वतः जायची. आकडा ऐकून तिच्या घरच्यांनी हात टेकले असते तर ती चार वर्षंही तिला मिळाली नसती. आता मी विचारणाऱ्याला म्हणते, एकेक कागद येऊ द्या, प्रत्येक कागदाबरोबर मी तुम्हाला खरं ते सांगेन.

वहिनींना काही सांगितलेलं नाही असं तुम्ही लिहिलंय. त्या किमोच्या वॉर्डात बसणार, शेजारच्या खाटेवरची बाई पहिल्याच दिवशी विचारणार, "तुमचा कुठला?" तेव्हा त्यांना परक्याकडून कळेल. पाच-सहा महिन्यांची किमो, केस जाणं, मोठं ऑपरेशन, संमतीच्या कागदावर सही, हे सगळं त्यांच्या अंगावर होणार आहे. दादांनी डॉक्टरांना सोबत घेऊन सांगावं. आकडे नको असतील तर नका सांगू, पण आजाराचं नाव आणि उपचारांचा क्रम सांगा. माझा अनुभव असा की बायकांना बरंचसं आधीच कळलेलं असतं, त्या घरच्यांसाठी न कळल्याचं सोंग घेत असतात.

पैशांचं बघायचं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो, ऑपरेशन आणि शेक तिन्ही येतात. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. कुठलं औषध योजनेत बसतं आणि कुठलं नाही हे पहिल्या डोसाच्या आधी विचारा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा त्यांच्याच खारघरच्या केंद्रात एकदा मत घ्यावं असं मी सुचवेन. उपचारांचा आराखडा तिथून घेऊन किमो घराजवळ घेणं बऱ्याच जणांना सोयीचं पडतं. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. त्या नसल्या की परत हेलपाटा, आणि वेळ आपल्याकडे नाही. मुंबईत राहायची पंचाईत असेल तर दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि सोबतच्यांना राहायला देते. पण दुसऱ्या मतासाठी पहिला डोस तीन-चार आठवडे लांबणार असेल, तर इथेच सुरू करा आणि मत मागाहून घ्या.

दोन गोष्टी घरात होऊ देऊ नका. त्या लालीवर हळदीचा लेप, एरंडाचं पान, गरम शेक यातलं काहीही नको. आणि 'आधी तीन महिने काढा घेऊन बघू' हे कुणीही म्हणालं, कितीही जवळचं असलं, तरी नाही म्हणा. तीन महिने हा या आजारासाठी फार मोठा काळ आहे. किमो सुरू झाल्यावर ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर तो अंगावर काढू नका, रात्र असली तरी रुग्णालय गाठा, कारण तेव्हा पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात.

रिसेप्टरचा आणि स्कॅनचा रिपोर्ट हातात आला की इथेच लिहा, मी बघेन. नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून टाका. आणि पहिल्या किमोच्या आधी, दिवसाच्या उजेडात, वहिनींच्या परवानगीने त्या लालीचा समोरून आणि बाजूने फोटो काढून ठेवा, तारखेसह. किमो आणि ऑपरेशननंतर शेक देणारे डॉक्टर विचारतील की लाली कुठवर होती. तेव्हा ती त्वचेवर उरलेली नसेल अशी आशा आहे, त्यामुळे दाखवायला हा फोटोच लागेल.